धुतलेली वाळू

माझ्या हाताखालून गेलेली एखादी वस्तू कळकट राहिली, असं कुणी दाखवून द्यावं. शाळेत बाई आम्हा वरच्या वस्तीतल्या मुलांची नखं रोज तपासायच्या, खालच्या गावातल्या मुलांची फक्त सोमवारी. माझ्या नखांत त्यांना कधीच काही सापडलं नाही, म्हणून मग त्या कानामागे बघायच्या. "तुम्हा लोकांना स्वच्छता कशाशी खातात ते माहीत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की नुसतं आठवलं तरी माझा हात फडक्याकडे जातो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं का घडलं ते कळेल.

आमची वस्ती डोंगरात, ओढ्याच्या वरच्या अंगाला. एकशे दहा घरं. रस्ता व्हायच्या कितीतरी पिढ्या आधीपासून आमचे लोक हेच पाणी पितात, आणि त्यात कुणी काही मिसळलेलं त्यांना खपत नाही. एकदा सरकारने पाण्यात औषध टाकून पाहिलं. वासाने लोकांनी नळ सोडले आणि भांडी घेऊन थेट ओढ्यावर गेले. मग सभा झाल्या, भांडणं झाली आणि शेवटी एका शहाण्या इंजिनिअरने वाळूच्या दोन मोठ्या टाक्या बांधून दिल्या. वरून ओढ्याचं पाणी सोडायचं, ते कमरेएवढ्या वाळूतून सावकाश झिरपतं आणि तळातून नळाला जातं. औषध नाही, वीज नाही, आवाज नाही. इंजिनिअर महिनाभर राहिला, एका माणसाला शिकवून गेला आणि मागे एक जाडजूड पुस्तक ठेवून गेला, कार्यालयाच्या भाषेतलं. ते टाक्यांशेजारच्या पाणी केंद्राच्या कपाटात आहे. मी त्याच्यावरची धूळ दर आठवड्याला पुसत असे.

तो शिकलेला माणूस म्हणजे माझे सख्खे मामा. अख्खी वस्ती त्यांना उद्यामामा म्हणते, कारण कुठल्याही कामाला त्यांचं उत्तर एकच, "उद्या बघू." सोळा वर्षं त्यांनी केंद्र सांभाळलं म्हणायचं. मी डबा घेऊन जायची तेव्हा हे बाहेर दगडावर बसलेले. दोनपैकी एक टाकी चालू, दुसरी नुसती पाणी भरून ठेवलेली. विचारलं तर म्हणायचे, "ती आराम करतेय." आणि चालू टाकीच्या वाळूवर हिरवट, तपकिरी, बुळबुळीत थर. माझा हात फावड्याकडे जायचा.

"मामा, हे काढत का नाही तुम्ही?"

"हात लावू नको गं. साय धरलीय तिने. ती मोडली की सगळं गेलं."

"घाणीला साय म्हणायला लागलात, आता शेवाळाला तूप म्हणा."

ते हसले होते. मीही हसले होते. मामा कधी कुणावर रागावत नसत, तेवढाच त्यांचा गुण, असं माझं मत होतं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मामा घरी बसले आणि ऑपरेटर म्हणून मी लागले. वस्तीतली पहिली बाई. जिल्ह्याला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्यात फॉर्म कसे भरायचे ते शिकवलं आणि चहा दिला. परत येऊन मी पदर खोचला. दर सोमवारी सकाळी दोन्ही टाक्या उपसायच्या, वरचा थर फावड्याने खरवडून फेकायचा, त्याखालची वीतभर वाळू पाइपच्या धारेखाली पांढरी होईपर्यंत धुवायची, भिंती ब्लीचिंग लावून घासायच्या, पुन्हा धुवायच्या आणि दुपारी दोन्ही टाक्यांचं पाणी नळाला सोडायचं. आराम कसला करतेय टाकी! मामांच्या काळात वरच्या आळीला करंगळीएवढी धार यायची, आता बादली भरभर भरायला लागली. लोक रस्त्यात थांबवून सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागायचं.

पाहणीला साहेब आले. चपला बाहेर काढा म्हटलं, तर त्यांनी निमूट काढल्या. टाकीत वाकून पाहिलं, काचेच्या ग्लासात पाणी उजेडाला धरलं आणि म्हणाले, "खरं सांगतो, तुमच्या भागात इतकं स्वच्छ केंद्र असेल असं वाटलं नव्हतं." त्यातलं 'तुमच्या भागात' मला टोचलं, पण 'स्वच्छ' त्याच्याहून मोठं होतं. त्यांनी मला टाकीशेजारी उभं करून माझा फोटो काढला. तो मी मामांना मुद्दाम नेऊन दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि ते म्हणाले, "वाळू फार पांढरी दिसतेय." मी म्हटलं, "मग काय काळी दिसायला हवी?" आणि फोटो काढून घेतला.

सातव्या महिन्यात पोरं आजारी पडायला लागली. पोटं तर त्याआधीही अधूनमधून बिघडत होती, पण पोटं काय, बिघडतातच. आता मात्र जुलाबात रक्त दिसायला लागलं. एका आठवड्यात पाच पोरं खाली शहराच्या दवाखान्यात गेली. पाचही माझ्या वहिनीच्या पाळणाघरातली. आणि त्यातली सगळ्यात लहान, सगळ्यात अशक्त झालेली, वहिनीचीच. माझी भाची, भिंगरी. तीन वर्षांची. एका जागी बसणं माहीत नसलेली, म्हणून भिंगरी. डॉक्टरांनी दादाला सांगितलं की मूत्रपिंडांवर परिणाम झालाय, जगेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

मी हबकले. आणि हबकले की मी कुणावर तरी भडकते, हा माझा जुना रोग.

वहिनी मनाने सोन्यासारखी, पण आवराआवरीच्या नावाने शून्य. तिच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण कायम अर्धं उघडं. मी दहा वेळा सांगितलं होतं. सभागृहात बैठक बसली, लोक घाबरलेले, जो तो विचारत होता कशाने झालं, आणि मी उठून माइक हातात घेतला. म्हटलं, "पाणी माझ्या केंद्रातून निघतं तेव्हा आरशासारखं असतं. पाचही पोरं एकाच घरात पाणी पीत होती. त्या घराच्या टाकीचं झाकण उघडं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नाव घ्यायची गरज आहे का?"

गरज नव्हती. सगळ्या माना दादाकडे वळल्या. दादा खाली बघत बसला होता. वहिनी दवाखान्यात होती, तिला हे तिथे कुणीतरी फोन करून कळवलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाळणाघराची पाटी उतरवून कुंपणाला टेकवून ठेवली.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासणीवाल्या बाई आल्या. बारीक चणीच्या, खांद्याला थंड पेटी. मी त्यांना स्वतः फिरवलं. ओढ्याचा नमुना घ्या, वहिनीच्या टाकीचा घ्या, आळीआळीतल्या नळाचा घ्या. त्या म्हणाल्या, "केंद्राचाही घेते." मी म्हटलं, "हवा तेवढा घ्या की!" बाटल्या भरून त्या गेल्या, आणि चौथ्या दिवशी, सोमवारी, दुपारी एकच्या सुमारास परत आल्या. मी नुकती हातपाय धुऊन ओल्या पदराने तोंड पुसत होते.

"बसा बाई. निघाला ना जंतू वहिनीच्या टाकीत?"

"निघाला," त्या म्हणाल्या. "टाकीत निघाला. सगळ्या नळांत निघाला. तुमच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातही तोच जंतू आहे, तेवढाच. ओढ्यात जितका आहे, जवळजवळ तितकाच. म्हणजे पाणी वाळूतून येतंय, पण वाळू काहीच अडवत नाहीये. मला हे कळेना. या टाक्यांचे जुने आकडे पाहिले, सोळा वर्षांत इथे कधी काही निघालं नव्हतं. तुम्ही टाकी शेवटची कधी साफ केली?"

"आज सकाळी," मी म्हटलं. काय तोऱ्यात म्हटलं! "दर सोमवारी करते. दोन्ही."

बाईंनी पेटी खाली ठेवली.

"दोन्ही? आणि पाणी कधी सोडलं?"

"हे काय, आत्ता अर्ध्या तासापूर्वी."

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या घाबरल्या होत्या. "अहो, आधी बंद करा," त्या म्हणाल्या, "आधी व्हॉल्व्ह बंद करा, मग सांगते." आणि माझी वाट न बघता स्वतःच व्हॉल्व्हच्या चाकाकडे धावल्या. त्यांना ते हलेना. मी कसं फिरवलं ते मला आठवत नाही. हात सोलवटले होते, ते नंतर दिसलं.

मग त्यांनी सांगितलं. वाळू नुसती गाळते, पण जंतू मारतो तो वरचा बुळबुळीत थर. तो जिवंत असतो. तो धरायला दोन-तीन आठवडे लागतात. फार दाटला आणि धार कमी झाली की दोन बोटं खरवडायचा, तोही एकाच टाकीतला, आणि नवा धरेपर्यंत ती टाकी नळाला जोडायची नाही.

"ती आराम करतेय," माझ्या तोंडून निघालं.

"काय?"

"काही नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते ऐकतो तसं नसतं. ती सरकत नाही. ती तिथेच असते, स्वच्छ धुतलेली फरशी, तिच्यात आपलं तोंड दिसतं, आणि आपल्याला त्या तोंडाची भीती वाटते. सात महिने! दर सोमवारी मी गुडघ्यावर बसून, कंबर मोडेपर्यंत, ज्याच्या जिवावर वस्ती जगत होती ते खरवडून उकिरड्यावर फेकत होते. आणि जो माणूस दगडावर बसून राहायचा, तो काम करत होता. त्यांना ते नीट समजावून सांगता आलं नाही. इंजिनिअरने दाखवलं तसं ते करत राहिले. आणि मी विचारलं कुठे होतं? मी फक्त टोमणे मारले.

बाई म्हणाल्या, "वस्तीला लगेच सांगायला हवं. पाणी उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका म्हणून."

मी सभागृहात गेले, भोंगा लावला. माइक हातात आला आणि मी बोलले. काय बोलले ऐका. "तांत्रिक कारणामुळे पाण्यात बिघाड आढळला आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत पाणी दहा मिनिटं उकळून प्यावं." तांत्रिक कारणामुळे! वहिनीच्या झाकणाला मी तांत्रिक कारण म्हटलं नव्हतं. बाई दारात उभ्या होत्या. आपल्या पेटीचा पट्टा नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी शहराकडेच चाललेय. गाडीत जागा आहे."

दोन तासांचा उतार. मी वाटेत शब्द जुळवत होते. वहिनीला कसं सांगायचं, आधी काय, नंतर काय. एका गोष्टीचा मात्र आधार वाटत होता आणि ती मी घट्ट धरून ठेवली होती. भिंगरी निदान गेले बारा दिवस दवाखान्यात आहे, आपल्या पाण्यापासून लांब आहे. पाचव्या दिवशी तर दादा म्हणाला होता की उतार पडलाय, लवकरच सोडतील. मग पुन्हा बिघडलं होतं, का ते डॉक्टरांनाही कळत नव्हतं. पण लांब तरी आहे.

पोरांचा वॉर्ड लांबट, दोन्ही बाजूंनी खाटा, खिडक्यांना जाड जाळी. आमची पाचही पोरं एका रांगेत. चार खाटांशी चार आया, आणि शेवटच्या खाटेशी वहिनी. ती मला ओळखू आली नाही. केस विंचरलेले नाहीत, गाल बसलेले, आणि हात कोपरापर्यंत लाल, साबणाने घासून घासून सोललेले. माझ्यासारखेच. भिंगरीला नळ्या लावलेल्या. तिचं तोंड सुजून गोल झालं होतं, आणि ती हलत नव्हती. ती पोर हलत नव्हती!

वहिनी मला बघून उठली आणि काय केलं, तर पायाशी वाकायला लागली. मी मागे सरले.

"वन्सं, माझं चुकलं हो," ती म्हणाली. "तुम्ही दहादा सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. माझ्या हाताने मी पाच पोरं..." पदर तोंडात धरून तिने श्वास घेतला. "यांना मी सांगितलंय, भिंगरी बरी झाली की मी माहेरी जाईन. परत कुणाच्या पोराला हात लावणार नाही. भिंगरीलासुद्धा."

"वहिनी, ऐक..."

"पण आता मी काळजी घेते, बघा तुम्ही. इथल्या पाण्याला औषधाचा वास येतो, पोरं तोंडात घेत नाहीत, थुंकून टाकतात. म्हणून यांना रोज सकाळी आणायला लावते." तिने खाटेखालून एक मोठा पांढरा कॅन ओढला. "घरच्या टाकीचं नाही हं. मी मूर्ख नाही. तुमच्या केंद्राच्या भिंतीचा जो नळ आहे ना, त्याचं. यांना म्हटलं, वन्संचं पाणी आरशासारखं असतं, तेवढंच आणा. पाचव्या दिवसापासून तेच देतेय. सगळ्या पोरांना मीच पाजते, चमच्याचमच्याने. तेवढं तरी माझ्या हातून व्हावं."

मला ऐकू येणं बंद झालं. तिचे ओठ हलताना दिसत होते. पाचव्या दिवसापासून. उतार पडला होता, मग पुन्हा बिघडलं होतं. चमच्याचमच्याने.

मी कॅन तिच्या हातातून हिसकावला. इतक्या जोरात की झाकण उडून खाटेखाली गेलं आणि अर्धं पाणी फरशीवर सांडलं. चारही आया उठून उभ्या राहिल्या. वहिनी माझ्याकडे बघत राहिली, आता आपण आणखी काय चुकलो, अशी.

"तुझी टाकी नव्हती," मी म्हटलं. "वहिनी, तुझी टाकी नव्हती. मी होते. हेच पाणी होतं. मी वाळू धुतली, फार धुतली, जे जंतू मारतं तेच मी दर सोमवारी काढून फेकलं. सात महिने. तुझ्या झाकणाने काही झालं नाही. माझ्यामुळे झालं. आणि हेसुद्धा, हे आता पाजतेयस तेसुद्धा..."

वहिनी हळूच खाटेच्या कडेवर बसली. एकदा भिंगरीकडे पाहिलं, एकदा चमच्याकडे. तो चमचा तिने उशालगतच्या स्टुलावर ठेवला, मग पुन्हा उचलला आणि आणखी लांब ठेवला.

"मी पाजलं," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं."

"तुम्हाला?"

"मलाही नव्हतं."

"नव्हतं," ती म्हणाली. "पण तुम्हाला खात्री होती."

स्टुलावर अर्धा भरलेला पेला होता, त्याच कॅनमधला. माझं डोकं फिरलं. मी तो उचलला आणि तोंडाला लावला. सगळा प्यायचा, तिच्यासमोर, आणि जे व्हायचं ते मलाही होऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं. पाणी ओठाला लागलं, गार आणि स्वच्छ, कसलाही वास नसलेलं. तेवढ्यात वहिनीने माझं मनगट धरलं. तिचा हात सोललेला होता, तरी पकड अशी की मला पेला हलवता येईना.

"असं करून मोकळ्या होऊ नका," ती म्हणाली. ती ओरडली नाही. "प्यालात, आजारी पडलात, की सगळे तुमचीच कीव करतील. मला ते नकोय."

तिने पेला माझ्या हातातून काढून घेतला, न्हाणीत नेऊन ओतला आणि येताना वॉर्डच्या नळाचं पाणी भरून आणलं. आधी स्वतः घोटभर प्याली. औषधाच्या वासाने तिचं तोंड वाकडं झालं. मग भिंगरीचं डोकं हातावर घेऊन तिच्या ओठांवर दोन थेंब सोडले. भिंगरीने ते थुंकले. वहिनीने पुन्हा दोन थेंब सोडले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला सांगून झालं. त्या चौघी अजून मलाच शिव्या घालतायत. त्यांना डॉक्टरांच्या आधी तुमच्याकडून कळू दे. एकेकीला सांगा, तिच्या पोरासमोर."

शेजारच्या खाटेशी उभी असलेली आई हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या मुलाच्या उशालाही तसाच एक पेला होता, भरलेला. मी आधी तो उचलून बाजूला ठेवला आणि मग तिला खाली बसायला सांगितलं.